विझर्ड घेतलाय? मग आधी जादूचा जमाखर्च शिका

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं रंगवण्याच्या खेळाच्या टेबलावर नवा खेळाडू आला की त्याला बहुतेकदा विझर्डच, म्हणजे जादूगारच, व्हायचं असतं. बोटांतून आग काढायला कुणाला नको? मग तासाभरात चित्र असं दिसतं, की फायटर घेतलेला शेजारी मजेत तलवार फिरवतोय आणि आपले विझर्डसाहेब कागदात डोकं खुपसून बसलेत. पाळी आली की "थांबा, थांबा, वाचतोय" एवढंच ऐकू येतं.

या खेळातली जादू गूढ वगैरे काही नाही. ती सरळसरळ जमाखर्च आहे. दिवसाला किती स्पेल (मंत्र) टाकता येतील, त्यासाठी हात मोकळा हवा का, तोंड उघडं हवं का, एका वेळी किती गोष्टींवर लक्ष ठेवता येईल, सगळ्याला आकडा किंवा अट आहे. विझर्ड खेळणं म्हणजे यातली कोणती अट आत्ता आड येणार हे आधी ओळखणं. स्पेलचं रंगतदार वर्णन त्यानंतर वाचलं तरी चालतं.

खाली जे सांगतोय ते २०१४ च्या पाचव्या आवृत्तीप्रमाणे. २०२४ मध्ये सुधारित नियम आले. जिथे फरक मोठा आहे तिथे सांगेन, पण तुमचं टेबल कोणते नियम वापरतं हे डीएमला (म्हणजे डंजन मास्टरला, खेळ चालवणाऱ्याला) पहिल्याच दिवशी विचारून घ्या. पुस्तक विकत घ्यायची घाई करू नका. जानेवारी २०२३ मध्ये खेळाची प्रकाशक कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टने पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा, एसआरडी ५.१ या नावाने, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. पीडीएफ फुकट मिळते आणि या लेखात येणारे सगळे स्पेल तिच्यात आहेत.

आधी तीन आकडे कागदावर वर लिहा

उदाहरणासाठी एक पहिल्या लेव्हलची विझर्ड घेऊ. नाव गार्गी. इंटेलिजन्स (बुद्धी) १६, डेक्स्टेरिटी (चपळाई) १४, कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा कणखरपणा) १४. अंकातून १० वजा करून निम्मे केले की मॉडिफायर मिळतो, म्हणजे अनुक्रमे +३, +२, +२. प्रोफिशिएन्सी बोनस पहिल्या लेव्हलला सगळ्यांचा +२.

स्पेल सेव्ह डीसी (तुमचा स्पेल टाळायला समोरच्याने फाशावर गाठायचा आकडा): ८ + २ + ३ = १३.
स्पेल अटॅक (नेम लागतो का बघताना तुमच्या फाशात मिळवायचा आकडा): २ + ३ = +५.
तयार ठेवता येणारे स्पेल: ३ + लेव्हल १ = ४.

हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येतो तो आकडा, ६ + २ = ८. चिलखत नाही, त्यामुळे आर्मर क्लास, म्हणजे तुम्हाला वार लागायला शत्रूने गाठायचा आकडा, १० + २ = १२. हे दोन आकडे बघून जरा घाबरायला हवं. एका गॉब्लिनच्या (छोट्या राक्षसाच्या) एका घावात १डी६ + २ जातात (सहा बाजूंच्या एका फाशाचा आकडा अधिक दोन), म्हणजे घाव जोरात बसला तर ८ च्या ८.

पुस्तक, तयारी आणि स्लॉट: तीन वेगळे हिशेब

नव्या लोकांचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो, म्हणून सावकाश वाचा.

कॅन्ट्रिप म्हणजे बारीकसारीक जादू. गार्गीला तीन येतात, त्या कितीही वेळा टाकता येतात, त्यांचा कुठेच हिशेब ठेवायचा नाही.

स्पेलबुकात पहिल्या लेव्हलचे सहा स्पेल असतात. हे तिला 'माहीत' आहेत, पण आज टाकता येतीलच असं नाही.

त्या सहांतले चार रोज सकाळी तयार करायचे. लाँग रेस्ट (आठ तासांची विश्रांती) झाली की यादी बदलता येते.

आणि प्रत्यक्ष टाकायला लागतो स्लॉट. पहिल्या लेव्हलला दिवसाचे दोन. खानावळीतली कूपनं डोळ्यांसमोर आणा: फळ्यावर आज चार पदार्थ लिहिलेत, तुमच्या खिशात कूपनं दोन. दोन्ही कूपनांवर एकच पदार्थ घ्या, नाहीतर दोन वेगळे घ्या. कूपन संपलं की फळ्यावर कितीही पदार्थ असोत.

जुन्या आवृत्त्यांत हे फार कडक होतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये खेळ आणला तेव्हा जादूची कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांवरून उचलली होती: मंत्र डोक्यात भरायचा, उच्चारला की तो डोक्यातून पुसला जातो. त्यामुळे मॅजिक मिसाइल दोनदा हवा असेल तर सकाळीच दोनदा पाठ करावा लागे. भलताच पाठ केला असेल तर दिवस वाया. पाचव्या आवृत्तीने तयारी आणि स्लॉट वेगळे केले. मला हा बदल मनापासून पटतो, जुन्या खेळाडूंनी कितीही नाकं मुरडली तरी.

सहा स्पेल कोणते घ्यायचे

कॅन्ट्रिपमध्ये फायर बोल्ट, मेज हँड, लाइट. फायर बोल्ट हे रोजचं हत्यार: पल्ला १२० फूट, लागला तर १डी१०. मेज हँड हा ३० फुटांपर्यंत काम करणारा अदृश्य नोकर समजू नका. तो दिसतो, मिनिटभर टिकतो, दहा पौंडांहून जास्त उचलत नाही आणि हल्ला करत नाही. दार लोटायला, टेबलावरची किल्ली ओढायला उत्तम.

पुस्तकात मॅजिक मिसाइल, शील्ड, मेज आर्मर, स्लीप, डिटेक्ट मॅजिक, फाइंड फॅमिलियर.

शेवटचे दोन मुद्दाम निवडलेत. त्यांच्या नावापुढे 'रिच्युअल' असतं. असा स्पेल नेहमीच्या वेळेपेक्षा दहा मिनिटं जास्त देऊन टाकला तर स्लॉट लागत नाही. त्यातही विझर्डची खास सवलत अशी, की रिच्युअल स्पेल तयार केलेला नसला तरी पुस्तक समोर धरून टाकता येतो. म्हणजे चारच्या यादीत पहिले चार ठेवा, हे दोन फुकटात मिळाले. फाइंड फॅमिलियरला मात्र पैसे पडतात: कोळसा, धूप आणि वनस्पती मिळून दहा सोन्याची नाणी, आणि सामान जळून जातं. सुरुवातीच्या पात्राच्या खिशाला हे बऱ्यापैकी जाणवतं. तरी करा. या स्पेलने प्राण्याच्या रूपातला एक मदतनीस मिळतो; घुबड घ्या. ते हल्ला करू शकत नाही, पण शत्रूच्या तोंडासमोर फडफडून सोबत्याला 'हेल्प' करतं, आणि त्या सोबत्याला दोन फासे टाकून चांगला निवडायची मुभा मिळते. वर घुबड शत्रूच्या जवळून उडून गेलं तरी त्याला फुकटचा वार बसत नाही.

मेज आर्मरबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. आर्मर क्लास १२ चा १५ होतो, तो आठ तास टिकतो, म्हणून सगळे सांगतात की सकाळी उठल्याउठल्या टाका. दोन स्लॉटांतला एक सकाळीच गेला की दिवसभर हातात एकच उरतो. पहिल्या लेव्हलला मी तो तेव्हाच टाकायला सांगतो, जेव्हा पुढच्या खोलीत मारामारी आहे हे पक्कं ठाऊक असतं. तिसऱ्या लेव्हलला स्लॉट वाढले की सकाळचा नेम खुशाल सुरू करा.

स्पेल वाचताना वरच्या चार ओळी आधी

प्रत्येक स्पेलच्या वर्णनाआधी चार ओळी असतात: टाकायला लागणारा वेळ, पल्ला, साहित्य, टिकण्याचा काळ. भांडणं होतात ती नव्वद टक्के वेळा या ओळी न वाचल्यामुळे.

वेळ. बहुतेक स्पेलना एक 'ॲक्शन' लागते, म्हणजे तुमच्या पाळीतलं मुख्य काम. काही 'बोनस ॲक्शन'मध्ये होतात, जसा दुसऱ्या लेव्हलचा मिस्टी स्टेप, जो तुम्हाला तीस फूट दूर नेऊन ठेवतो. इथे एक अट लपलेली आहे: बोनस ॲक्शनने स्पेल टाकला तर त्याच पाळीत दुसरी फक्त एका ॲक्शनची कॅन्ट्रिप टाकता येते. २०२४ च्या नियमांत हे सोपं केलंय, एका पाळीत स्लॉट खर्च करून एकच स्पेल. तिसरा प्रकार 'रिॲक्शन', दुसऱ्याच्या पाळीत टाकायचा. शील्ड असा आहे. त्यावर पुढे येतोच.

पल्ला फुटांत. चौकटींच्या नकाशावर एक चौकट पाच फुटांची, तेव्हा १२० फूट म्हणजे २४ चौकटी. पाचनं भागा, मोजा, विषय संपला.

साहित्याची ओळ मात्र मजेदार. तिथे तीन अक्षरं असतात: व्ही, एस, एम. व्ही म्हणजे मंत्र मोठ्याने उच्चारायचा. तोंडात बोळा कोंबला असेल तर स्पेल होत नाही, आणि लपून बसला असाल तर आवाजाने ठिकाण कळतं. एस म्हणजे हाताची खूण, एक हात मोकळा हवा. एका हातात मशाल आणि दुसऱ्यात दोर पकडून शील्ड टाकता येत नाही. एम म्हणजे वस्तू. स्लीपला चिमूटभर बारीक वाळू, गुलाबाच्या पाकळ्या किंवा रातकिडा. लाइटनिंग बोल्टला फरचा, म्हणजे केसाळ कातड्याचा, तुकडा आणि अंबर, स्फटिक किंवा काचेची कांडी. शाळेत काचेची कांडी घासून कागदाचे कपटे उचलले असतील त्यांना हा विनोद लगेच कळेल. फायरबॉलला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक. यातला वास सोडला तर बंदुकीच्या दारूपासून फार लांब नाही.

हे सगळं खरोखर गोळा करत फिरायचं नसतं. साहित्याची पिशवी किंवा एखादी कांडी, स्फटिक असा 'फोकस' जवळ असला की झालं. अपवाद एकच आणि तो लक्षात ठेवाच: साहित्यापुढे किंमत लिहिली असेल, किंवा ते वापरल्यावर नष्ट होतं असं म्हटलं असेल, तर ती वस्तू प्रत्यक्ष हवी. वस्तूतली जादू ओळखणाऱ्या आयडेंटिफायला शंभर नाण्यांचा मोती लागतो, पण तो पुन्हा पुन्हा चालतो. मेलेल्याला मिनिटाच्या आत उठवणाऱ्या रिव्हिव्हिफायला तीनशे नाण्यांचे हिरे लागतात आणि ते जातात. मरण या जगात उलटवता येतं, पण आधी सराफाकडे जाऊन यावं लागतं.

टिकण्याच्या ओळीत 'कॉन्सन्ट्रेशन' हा शब्द दिसला की त्यावर पेन्सिलीने गोल करा. असा स्पेल एका वेळी एकच चालू ठेवता येतो. दुसरा सुरू केला की पहिला त्या क्षणी संपतो. डिटेक्ट मॅजिक चालू ठेवून इन्व्हिजिबिलिटी टाकाल तर अदृश्य व्हाल, पण जादू दिसायची बंद होईल. आणि मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह (निभावण्यासाठीचा फासा) टाकावा लागतो: १० किंवा बसलेल्या माराच्या निम्मे, यातला मोठा आकडा गाठायचा. सात पॉइंटांचा मार असेल तर १०, तीस पॉइंटांचा असेल तर १५. गार्गीला +२ असल्याने दहा गाठायला फाशावर ८ किंवा जास्त हवेत, म्हणजे शंभरात पासष्ट वेळा ती निभावते. बाकी पस्तीस वेळा स्लॉट गेला आणि स्पेलही गेला. म्हणून विझर्डने मागे उभं राहायचं असतं. भित्रेपणाचा त्यात संबंध नाही.

फासा कोण टाकणार

काही स्पेलमध्ये तुम्ही टाकता: डी२० + ५, समोरच्याच्या आर्मर क्लासइतका किंवा जास्त आला तर लागला. फायर बोल्ट असा. काहींमध्ये समोरचा टाकतो आणि त्याला तुमचा १३ गाठायचा असतो. बर्निंग हँड्स असा: पंधरा फुटांच्या पंख्यात आग, ३डी६, डेक्स्टेरिटीने सेव्ह केला तर निम्मा मार. जाड चिलखतातल्या सरदारावर पहिल्या प्रकारचा स्पेल वाया जातो. तो सहसा चपळ नसतो, त्याला दुसऱ्या प्रकारात पकडा. आणि मॅजिक मिसाइलला लागला की चुकला हे ठरवणारा फासाच नाही. तीन बाण, प्रत्येकी १डी४ + १, चुकत नाहीत. कमीत कमी सहा, जास्तीत जास्त पंधरा. शत्रूचे तीन-चार हिट पॉइंट उरलेत आणि तो पळतोय, अशा वेळी याच्याइतका भरवशाचा दुसरा स्पेल पहिल्या लेव्हलला नाही.

एक मारामारी जवळून

रस्त्यावर उलटलेली बैलगाडी, तिच्याजवळ तीन गॉब्लिन तलवारी घेऊन, दोन वर दगडांवर धनुष्यं घेऊन. प्रत्येकाचे हिट पॉइंट ७, आर्मर क्लास १५. गार्गीची पाळी पहिली आली. सकाळी मेज आर्मर टाकलेला नाही, स्लॉट दोन्ही शाबूत.

ती स्लीप टाकते. नव्वद फुटांच्या आत एक बिंदू निवडायचा, त्याभोवती वीस फुटांत जे कोणी असतील त्यांच्यावर ५डी८. फासे पडले ६, ३, ७, २, ५: बेरीज २३. आता सगळ्यात कमी हिट पॉइंट असलेल्यापासून वजा करत जायचं. ७, ७, ७ मिळून २१. तिघेही झोपले, उरलेले दोन वाया.

हाच स्पेल दुसऱ्या फेरीत टाकला असता तर? तोवर आपला फायटर गाडीपाशी पोहोचलेला, मार खाऊन पाचवर आलेला. स्लीप आपला-परका बघत नाही. पाच हा सगळ्यात लहान आकडा, म्हणून पहिला घोरायला लागला असता तो फायटर. उरले १८, त्यात दोनच गॉब्लिन. म्हणून स्लीप पहिल्याच फेरीत, कुणी पुढे धावायच्या आत. टेबलावर कुणी एल्फ जमातीचं पात्र घेतलं असेल तर त्याला चिंता नाही, एल्फ जादूने झोपत नाहीत.

आता धनुर्धारी. पहिल्याचा फासा ११, त्यात ४ मिळवून १५. डीएम विचारतो, "पंधरा लागतो का?" आर्मर क्लास १२, लागतो. हीच शील्डची वेळ. दुसरा स्लॉट खर्च, आर्मर क्लास पाचने वाढून १७, बाण चुकला. शील्ड गार्गीच्या पुढच्या पाळीच्या सुरुवातीपर्यंत टिकतो, त्यामुळे दुसऱ्या धनुर्धाऱ्याचा १६ सुद्धा चुकला. एका स्लॉटात दोन बाण, सौदा चांगला. पहिलाच आकडा २१ असता तर शील्ड टाकून उपयोग नव्हता, १७ तरी कमीच पडले असते. म्हणून आकडा ऐकून मग ठरवा. तुमचा डीएम आकडे सांगतो का हेही आधी विचारा, सगळे सांगत नाहीत.

स्लॉट शून्य. आता फायर बोल्ट. लागायला फाशावर १० किंवा जास्त हवेत. १३ पडले, लागला, मार ६. गॉब्लिनचा एक पॉइंट उरला. होतं असं, घुबडाला आणि सोबत्यांना उरलेलं काम करू द्या. झोपलेले तिघे मिनिटभर झोपतील, पण त्यांना मार बसला किंवा कुणी हलवून उठवलं तर जागे होतात. तेव्हा त्यांच्यावर वार करायचा तर एकेकाला पुरतं संपवायचं, किंवा सरळ बांधून टाकायचं.

२०२४ च्या नियमांत स्लीप बदलला आहे: हिट पॉइंटची बेरीज गेली, विझ्डम सेव्ह आणि कॉन्सन्ट्रेशन आलं. जुन्या नियमांतला स्लीप पहिल्या लेव्हलला जवळजवळ अन्याय वाटावा इतका जोरदार आणि पाचव्या लेव्हलपर्यंत निरुपयोगी होतो, त्यामुळे बदल समजण्यासारखा आहे.

विश्रांती हाही जमाखर्चच

लाँग रेस्ट आठ तासांची, चोवीस तासांत एकदाच फायद्याची. सगळे स्लॉट परत. शॉर्ट रेस्ट किमान तासाभराची. विझर्डला दिवसातून एकदा शॉर्ट रेस्टनंतर 'आर्केन रिकव्हरी' मिळते, पहिल्या लेव्हलला एक स्लॉट परत. म्हणजे गार्गीचा दिवसाचा खरा आकडा दोन नसून तीन. पण रेस्ट मागायची कुणी? फायटरला घाई असते. तुम्हीच म्हणा, "तासभर बसू या." गप्प बसून कुढू नका.

जेवढं लिहिलंय तेवढंच

नवे खेळाडू हुशार असतात आणि हुशारी लगेच आड येते. "मी मेज हँडने त्याचा गळा दाबतो." नाही, तो हल्ला झाला. "क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटरने त्याच्या फुप्फुसात पाणी भरतो." या स्पेलला उघडं भांडं लागतं, आणि छातीच्या आतलं फुप्फुस उघडं भांडं नाही, हा वाद जगभर इतक्या वेळा झालाय की डीएम ऐकूनच जांभई देतात. उलट बाजूनेही पाहा. फायर बोल्टच्या वर्णनात स्पष्ट लिहिलंय की कुणी अंगावर घातलेली किंवा हातात धरलेली नसेल अशी ज्वालाग्राही वस्तू पेटते. गवताची गंजी, तेलाचा सांडलेला पिंप, दोरखंडाचा पूल, सगळं तुमचं. चलाखी करायची तर ती अशी वाक्यात सापडलेली करा, डीएमही खूश होतो.

पुढच्या लेव्हल

स्पेलची लेव्हल आणि तुमची लेव्हल या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. फायरबॉल तिसऱ्या लेव्हलचा स्पेल, पण विझर्डला तो मिळतो पाचव्या लेव्हलला. नवव्या लेव्हलचे स्पेल सतराव्याला. दुसऱ्या लेव्हलला तीन स्लॉट, तिसऱ्याला पहिल्या प्रतीचे (पहिल्या लेव्हलच्या स्पेलसाठीचे) चार आणि दुसऱ्या प्रतीचे दोन. मोठ्या स्लॉटने छोटा स्पेल टाकता येतो आणि काहींचा जोर वाढतो: दुसऱ्या प्रतीच्या स्लॉटने मॅजिक मिसाइलचे बाण चार होतात.

प्रत्येक लेव्हलला दोन स्पेल पुस्तकात फुकट चढतात. शिवाय कुठे दुसऱ्या विझर्डचं पुस्तक किंवा गुंडाळी सापडली तर उतरवून घेता येतं, स्पेलच्या प्रत्येक लेव्हलमागे दोन तास आणि पन्नास नाणी. लुटीची वाटणी सुरू झाली की तलवारीवर हक्क सांगू नका, कागदांवर सांगा. आणि थोडे पैसे जमले की पुस्तकाची दुसरी प्रत करून ठेवा. स्वतःचेच स्पेल उतरवायला लेव्हलमागे एक तास आणि दहा नाणी एवढंच पडतं. चोरांना आणि आग ओकणाऱ्या डीएमना विझर्डचं पुस्तक फार आवडतं.